पेवातला दिवा

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही माझ्याकडून काही शौर्याची अपेक्षा ठेवणार नाही. चार वर्षं हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोला तर नाहीच. त्यापायी काय होऊन बसलं असतं ते सांगतो.

आमचं गाव हरिपूर. सांगलीला चिकटून, कृष्णेच्या काठावर. इथली माती अशी चिवट की तिच्यात कितीही खोल खड्डा घेतला तरी बाजू ढासळत नाहीत. त्या मातीत जुन्या लोकांनी पेवं खणली. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं हळदीचं कोठार. वरचं तोंड इतकं अरुंद की एका वेळी एकच माणूस, तोही अंग चोरून, आत जाईल. खाली मात्र रांजणासारखं फुगलेलं आणि दोन-तीन पुरुष खोल. तळाला आणि कडेनं उसाचा पाला लावायचा, हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. पाच वर्षांनी उघडलं तरी हळद जशीच्या तशी निघते, कारण आत किडा जगत नाही. किडा जगत नाही, कारण आत हवाच नसते.

माझे वडील, तात्या, पेवात उतरणारे हमाल. त्यांच्यामागून मीही तेच काम करायला लागलो. उतरायची एक रीत होती. तोंड उघडून एक दिवस तसंच ठेवायचं. मग दोरीला रिकामं पोतं बांधून बराच वेळ खालीवर करायचं, म्हणजे आतली कोंडलेली हवा हलते. शेवटी रॉकेलचा कंदील पेटवून दोरीनं हळूहळू खाली सोडायचा. ज्योत तळापर्यंत नीट जळत राहिली तर माणसानं उतरायचं. विझली तर कंदील वर घ्यायचा आणि गुमान चहा प्यायला जायचं. तात्या म्हणायचे, कंदील विझला तर विझला, तो परत पेटवता येतो.

चार वर्षांपूर्वी मी असाच खाली होतो आणि कंदील माझ्या पायाशी होता. पोती भरता भरता ज्योत बारीक होत चाललेली मला दिसली होती. मी म्हटलं, एवढं एक पोतं भरतो आणि वर जातो. त्यानंतर एकदम अंधार झाला. वर कुठे आणि खाली कुठे ते कळेना. हाक मारायला तोंड उघडलं तर छातीत काही शिल्लकच नव्हतं. तात्यांनी छातीला बांधलेल्या दोरानं मला वर ओढलं तेव्हा मी काळानिळा पडलो होतो म्हणे. दोन तासांनी उठून मी माझ्या पायांनी घरी गेलो आणि उन्हानं चक्कर आली एवढंच सांगितलं. डॉक्टरांनी तपासलं आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं.

ठीक काही नव्हतं. त्या दिवसापासून मला मोरीचं दार लावून अंघोळ करता येत नाही. पांघरूण तोंडावर आलं की मी लाथा झाडत उठतो. एसटीत गर्दी झाली की मधल्या स्टॉपवर उतरून चालत सुटतो. देवळाच्या गाभाऱ्यातसुद्धा जात नाही, बाहेरूनच हात जोडतो, देवानं काय समजायचं ते समजावं. त्या महिन्यात मार्केट यार्डात पोती उचलायला गेलो होतो. गोदामाचं शटर अर्धं खाली, दोन्ही बाजूंना छतापर्यंत थप्प्या, आणि मधे मी. दरदरून घाम फुटला, कानात घूं आवाज सुरू झाला आणि खांद्यावरचं पोतं टाकून मी बाहेर पळालो. चार जण धावत आले. काय झालं रं, म्हणून विचारायला लागले. ऐन चाळिशीतला, धडधाकट, पोती उचलून वाढलेला माणूस मी. त्यांना काय सांगणार, मला भीती वाटते म्हणून? माझ्या तोंडून निघून गेलं, खांदा गेला.

एकदा गेलेला खांदा मग परत येईना. सकाळी उठून मी उजव्या खांद्याला पट्टी गुंडाळायचो. पाण्याची घागर डाव्या हातानं उचलायचो. माणसं हळहळायची आणि मला ते बरं वाटायचं, कारण हळहळणारा माणूस हसत तरी नाही. पुढच्या वर्षी तात्या गेले. खरं काय ते त्यांना ठाऊक असावं, पण ते बोलले नाहीत. त्यांचा कंदील मी दारामागच्या खिळ्याला टांगून ठेवला आणि पेव हा शब्द घरात काढायचा बंद केला.

घर मग विजयमालाच्या अंगावर पडलं. ही माझी बायको. हळद पॉलिश करायच्या गिरणीत ती कामाला लागली. तिथं मोठ्या पिंपात हळकुंडं घालून फिरवतात, त्यांची सालं निघतात आणि पिवळी धूळ अशी उठते की समोरचं माणूस दिसत नाही. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा भुवया पिवळ्या, नखं पिवळी, पदर झाडला तर उंबऱ्यात पिवळा ढीग. पहिल्या वर्षी आम्ही त्याला हसायचो. मी म्हणायचो, रोज नवरी होऊन येतीस. दुसऱ्या वर्षी तिला खोकला लागला. तिसऱ्या वर्षी खोकल्यामागून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, धुळीचं काम सोडा, नाहीतर छाती कायमची जाईल. ती हो म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गिरणीत गेली. आमची संयोगिता बारावीला होती, तिला नर्सिंगला जायचं होतं, आणि घरात कमावणारं दुसरं होतं कोण?

मी काहीबाही करायचो. श्रावणात संगमेश्वराच्या देवळापाशी गाड्या लावून घ्यायचो, कुणाच्या घराची राखण करायचो, उघड्यावर बसून होईल ते सगळं करायचो. पण अशी कामं वर्षात मोजकी. बाकीचे दिवस मी दारात बसून तिची वाट बघायचो.

आणि आता सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. रोज संध्याकाळी, दिवसभर उभं राहून आल्यावर, हातपाय धुऊन ती आधी तिळाच्या तेलात ओवा तापवायची आणि माझा खांदा चोळायची. धडधाकट खांदा. मी कण्हायचो सुद्धा. चोळताना तिला मधेच ढास लागायची, मग ती थांबायची, पदरात खोकायची आणि परत चोळायला लागायची. एकदा तिनं दमलेल्या डोळ्यांनी विचारलं, कंचा खांदा? आणि मी डावा पुढे केला. तिच्या लक्षात आलं नाही. मी सावरून उजवा दिला. त्या रात्री मला स्वतःची इतकी किळस आली की जेवण गेलं नाही. सांगून टाकावं असं रोज वाटायचं. पण रोज तिचा पिवळा चेहरा बघितला की मी मुकाट खांदा पुढे करायचो. इतके दिवस झाले, आता कोणत्या तोंडानं सांगू? दिवस जातील तसं सांगणं आणखी अवघड होत गेलं.

यंदा उन्हाळा लागायच्या सुमारास आप्पासो घरी आले. आप्पासो मूळचे आष्ट्याचे, मार्केट यार्डात मुकादम, पेवाचं काम कधी न केलेले. विष्णुपंत म्हणून एका व्यापाऱ्याचं हरिपुरात शेवटचं एक पेव भरलेलं राहिलं होतं. जागा विकायची होती, हळद काढायची होती, आणि आत उतरणारा माणूस मिळत नव्हता. जुने हमाल मेले किंवा मुलांकडे पुण्याला गेले. बाकीची पेवं पुरानं बुजवली. तेव्हा तात्यांचा मुलगा म्हणून आप्पासो माझ्याकडे आले होते. मजुरी चांगली सांगत होते. शिवाय नंतर विष्णुपंतांच्या नव्या गोदामात कायमचं काम, तेही धुळीचं नाही, पोती शिवायचं.

मी ऐकत होतो आणि माझ्या पायांची बोटं आखडत होती. मी काही बोलायच्या आत विजयमालाच म्हणाली की ह्यांच्या खांद्याला झेपणार नाही, ह्यांना विचारूसुद्धा नका. मला इतकं सुटल्यासारखं झालं की मी चहा मागितला. लाज वाटली ती चहा पिऊन झाल्यावर.

आप्पासो निघाले तेव्हा ती त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेली. बराच वेळ दोघं बोलत उभी होती. आत आल्यावर मी विचारलं तर म्हणाली, कुठं काय, वैनींच्या गुडघ्याचं सांगत हुते.

नंतर चौथ्या दिवशीची गोष्ट. सकाळी ती नेहमीप्रमाणे सातला डबा घेऊन गेली. मी दारात पेपर चाळत होतो. नऊच्या सुमाराला पाणी प्यायला आत गेलो तर दारामागचा खिळा रिकामा दिसला. तात्यांचा कंदील चुलीजवळ खाली ठेवलेला होता. कुणीतरी त्याची काच पुसून लख्ख केली होती. वात कुजून गेलेली, टाकी कोरडी. वरच्या फळीकडे बघितलं तर तात्यांचा दोरही नव्हता. मी संयोगिताला हाक मारली. ती पुस्तकातून मान वर करेना, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मग तिनं सांगितलं. आई आज गिरणीत गेली नव्हती, विष्णुपंतांच्या पेवावर गेली होती. आप्पासोंना तिनं विचारलं होतं की उतरायला बारीक माणूसच लागतो ना, मग मी का चालणार नाही. खाली नुसतं भरायचं असतं, ओढायला वर गडी आहेतच. चार दिवसांचं काम, आणि मग गिरणी कायमची सुटणार. पप्पांना सांगू नकोस, त्यांच्या जिवाला लागेल, असं तिनं लेकीला बजावलं होतं.

मी म्हणालो, कंदील इथं कसा? संयोगिता म्हणाली, रॉकेल कुठं मिळतंय आता, रेशनला यायचं पण बंद झालं. आईनं सगळीकडे विचारलं होतं. पण आजोबा दिवा सोडून बघितल्याशिवाय उतरायचे नाहीत हे तिला पक्कं माहीत होतं, म्हणून तिनं माझा अभ्यासाचा दिवा नेलाय. लाइट गेल्यावर वापरायला घेतलेला तो बॅटरीचा. तिनं मला धीर द्यावा तसं सांगितलं, "काळजी करू नका पप्पा, मीच रात्री चार्जिंगला लावला होता. आठ तास जातोय त्यो."

बॅटरीचा दिवा हवा नसली तरी जळतो. तो पाण्याखाली जळतो, थडग्यात जळतो. विजयमालानं तात्यांना दिवा सोडताना बघितलं होतं, आणि दिवा जळतोय म्हटल्यावर उतरताना बघितलं होतं. का सोडतात ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पुरुषांचं काम म्हणून तात्यांनी सांगितलं नाही, आणि नंतर तो शब्द तोंडातून काढायला नको म्हणून मी सांगितलं नाही.

मी पळालो. पायात चप्पल नव्हती. आप्पासोंना फोन लावायचा हे सुचलं ते अर्ध्या वाटेत, आणि फोन घरी राहिला होता. पळताना मी एकच हिशेब करत होतो. सातला गेली, चहापाणी, तोंडाची माती काढायला तास-दीड तास, म्हणजे एव्हाना. पुढचं मी मनात येऊच देत नव्हतो. वाटेत कुणीतरी विचारलं, काय रं ज्योतिबा, खांदा बरा झाला काय? मी थांबलो नाही.

विष्णुपंतांच्या आवारात मी शिरलो तेव्हा तिघं पेवाच्या तोंडाशी उभे होते. आप्पासो आणि दोन गडी. तोंड त्याच सकाळी उघडलं होतं, माती अजून ओली होती. बाजूला हळदीचं एक पोतं वर आलेलं दिसलं. म्हणजे एक पोतं भरण्याइतका वेळ ती आत होती. मला बघून आप्पासो ओशाळले आणि हसत म्हणाले, "आरं ये, ये. काय बी काळजी न्हाई गड्या. दिवा झकास जळतुय खाली, बघ की."

मी वाकून बघितलं. खोल तळाला तो पांढरा दिवा खरंच झकास जळत होता. इतका प्रकाश की हळकुंडं एकेक मोजता आली असती. आणि त्या प्रकाशात विजयमाला ढिगाला टेकून बसली होती, मान एका बाजूला कलंडलेली, थकून डोळा लागावा तशी. मी हाक मारली. तिनं वर बघितलं नाही. आप्पासो म्हणाले, आत्ताच तर ओ दिली तिनं, दम खात असंल.

त्यांनीही मग वाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. दोन गड्यांपैकी मल्हार नावाचा पोरगेला गडी धाडसाचा. मी उतरतो म्हणून त्यानं एक पाय आत टाकलासुद्धा. मी त्याला शर्टाला धरून मागं खेचला आणि तो पाठीवर पडला.

"कुणी उतरायचं न्हाई," मी म्हणालो. "आत हवा न्हाई. जो जाईल त्यो तिच्याशेजारी बसंल."

हे मी मोठ्या शहाणपणानं बोललो असं वाटेल. खरं सांगायचं तर उतरायचं नाही हे म्हणताना मला आतून सुटल्यासारखं झालं होतं. तशाही वेळेला. बायको खाली मरतेय आणि नियम आपल्या बाजूनं आहे याचं मला बरं वाटलं. ते मी विसरू शकत नाही.

दोर मात्र होता. पोती ओढायचा वेगळा आणि तिच्या छातीला बांधलेला वेगळा. तात्या असेच दोन दोर ठेवायचे, काहीही झालं तरी छातीचा सोडायचे नाहीत. विजयमालानं तेवढं बघून लक्षात ठेवलं होतं. मी तो दोर धरला, खांद्यावरून घेतला आणि ओढायला लागलो. मागं मल्हार आणि दुसरा गडी लागले. बेशुद्ध माणूस फार जड होतो. दोर हातात कापत होता. मी मोठमोठ्यानं काय काय बोलत होतो म्हणे, मला आठवत नाही. आप्पासो नंतर म्हणाले की तू सारखा "सांगतो, सांगतो" असं म्हणत होतास.

ती वर आली आणि तोंडाशी अडकली. पेवाचं तोंड अंग चोरणाऱ्या माणसासाठी असतं, आणि बेशुद्ध माणूस अंग चोरत नाही. तिचा एक हात वाकडा होऊन गळ्याखाली अडकला होता. ओढलं तर हात मोडला असता, सोडलं तर ती परत खाली गेली असती. कुणीतरी आत वाकून तो हात सरळ करायला हवा होता. मल्हार आणि दुसऱ्यानं दोर धरून ठेवला होता. आप्पासोंचं पोट त्या तोंडात मावणारं नव्हतं. राहिलो मी.

मी पालथा झोपलो, श्वास धरला आणि डोकं, खांदे, दोन्ही हात त्या भोकात घातले.

पाला, माती आणि जुनी हळद यांचा वास आला आणि चार वर्षं मधून नाहीशी झाली. मी परत खाली होतो. कानात तोच आवाज. भिंत दोन्ही गालांना लागत होती. मागं सरक, मागं सरक, असं माझं सगळं अंग मला ओरडून सांगत होतं, आणि खरं सांगतो, मी वीतभर मागं सरकलो. मग तिचे केस माझ्या तोंडाला लागले. त्या केसांत हळद होती, रोजच्यासारखी. मी तिचा हात चाचपडून धरला, कोपरातून वळवला, वर केला आणि पायांनी जमिनीवर बडवलं. त्यांनी दोर ओढला. तिचं डोकं माझ्या हनुवटीवर आदळलं आणि आम्ही दोघंही बाहेर आलो.

तिला आडवी करून मी तोंडावर वारा घातला, पाणी मारलं, हाका मारल्या. तिचे ओठ निळे आणि बाकी सगळं पिवळं. एक क्षण असा गेला की तिच्यात काहीच हललं नाही. तो क्षण कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून मी रोज हात जोडतो. मग तिच्या घशातून ती नेहमीची शिट्टी वाजली. ज्या आवाजाला मी वर्षभर घाबरत होतो तो ऐकून मी रडायला लागलो.

तिनं डोळे उघडले. कुठं आहोत ते तिला कळलं नसावं. माझ्या हातात अजून दोर होता, माझ्या खांद्यावर त्याचा लाल वळ उठला होता, तो तिला दिसला. ती पुटपुटली,

"आवं, खांदा. खांद्यावर काय घिऊ नगा."

आप्पासोंनी गाडी आणली. सांगलीच्या दवाखान्यात तिला दोन दिवस ठेवलं, ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, पाच मिनिटं उशीर झाला असता तर आणण्यात अर्थ नव्हता. धुळीपासून लांब राहायचं हे त्यांनी पुन्हा सांगितलं. संयोगिता कोपऱ्यात बसून होती. दिवा मीच चार्ज केला, हे ती परत परत म्हणत होती. तिला जवळ घेऊन मी सांगितलं की चूक तुझी नाही, आईची नाही, आप्पासोंचीही नाही. माझी आहे. का, ते मात्र लेकीच्या आधी आईला सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी विजयमालाच्या तोंडावरचा मास्क काढला तेव्हा मी स्टूल ओढून जवळ बसलो. दार उघडं ठेवलं होतं. मी म्हणालो, "माले, खांद्याला काय झाल्यालं न्हाई. कवाच झालं नव्हतं. मला भ्या वाटतं. पेवाचं, गोदामाचं, दार लावल्याचं. लय भ्या वाटतं."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग खांद्याकडे बघितलं. सलाइनचा एकेक थेंब पडत होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, राग पण दिसला नाही. फार दमलेल्या माणसानं विचारावं तसं तिनं विचारलं,

"मंग चार वर्सं मी काय चोळत हुते?"



घरी आल्यावर ती माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, औषध मागायची, बाकी नाही. तेलाची बाटली कोनाड्यात होती तिथंच राहिली. ती मला शिव्या देती तर बरं झालं असतं. मला भीती वाटत होती की ही आता कधीच बोलणार नाही. आणि तेच बरोबर होईल असंही वाटत होतं.

तिच्या गिरणीत मी गेलो. मालकांना म्हणालो, विजयमाला आता येणार नाही, तिच्या जागी मला घ्या, पण आत नको. मला बंद जागेत भीती वाटते. बाहेर ट्रक भरायचं काम द्या, उघड्यावर कितीही पोती सांगा. चार माणसांच्या देखत सांगितलं. गडी हसले. तीन दिवस हसले, कुणी मुद्दाम मागून येऊन दार लावल्याचं नाटक करायचा. चौथ्या दिवशी त्यांना कंटाळा आला. त्यातल्या एकानं चहा पिताना हळूच सांगितलं की तो पुरात दोन दिवस माळ्यावर अडकला होता, तेव्हापासून पाऊस वाढला की त्याला झोप येत नाही. मी त्याला म्हटलं, घरी सांगितलंस का? तो म्हणाला, छे.

चार वर्षांनी पोती उचलली. पहिल्या आठवड्यात अंगाचं पार भरीत झालं. उजवा खांदा दोरानं सोललेला, डावा पोत्यांनी सुजलेला. त्या शनिवारी घरी आलो आणि दारातच बसलो. शर्ट काढायला हात वर जाईना. संयोगितानं पाणी आणून दिलं. माझ्या भुवया पिवळ्या झाल्या होत्या, ते बघून तिला हसू आलं, तिनं दाबलं.

आतून ओव्याचा वास आला. मला वाटलं, भास आहे. मग विजयमाला वाटी घेऊन बाहेर आली, माझ्या मागं बसली आणि पदर खोचला. तिनं तेलात बोटं बुडवली.

"कंचा?" तिनं विचारलं.

"दोन्ही," मी म्हणालो.